तरू, तृण आणि लोणावळ्यातली सव्वा गुंठा जमीन

लोणावळ्यातल्या आमच्या घरामागे उताराची सव्वा गुंठा जागा आहे. तिथे आजोबांनी लावलेला रायवळ आंबा होता. तो वठला, आणि रीतसर परवानगी काढून दोन वर्षांपूर्वी तोडावा लागला. पुढच्याच पावसाळ्यात उतारावरची लाल माती मागच्या दारापर्यंत आली. रोपवाटिकेतल्या माणसाने सल्ला दिला, "वेडेलिया लावा. तीन महिन्यांत सगळं हिरवं, वर बाराही महिने पिवळी फुलं." आत्याने सांगितले, "जांभूळ लाव. मी खाणार नाही, पण कुणीतरी खाईल." मुंबईचा धाकटा भाऊ फोनवर स्पष्टच बोलला, "दादा, झाड नको. उद्या ही जागा विकायची म्हटली तर ते झाड आपल्याला हलू देणार नाही."

प्रश्न बागेचा होता, पण भावाच्या या वाक्याने मी कागदपत्रांकडे वळलो. नोकरी सांभाळून मी मोडी शिकलो ते शनिवार-रविवारच्या वर्गांत. जमीन इनाम देतानाच्या सनदा वाचायला लागले की एक ठरलेली शब्दमाळ वारंवार भेटते : जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. यांसह जमीन दिली, असा तिचा अर्थ. सुरुवातीला मी ही ओळ डोळ्यांआड करत असे. नंतर लक्षात आले, की आमच्या घरातला वाद या ओळीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दांमधला आहे.

तरू म्हणजे झाड, आणि कागदात झाडाला जमिनीपेक्षा वेगळे अस्तित्व आहे. जमीन एकाची आणि तिच्यातला आंबा दुसऱ्याचा, किंवा जमीन वाटली गेली पण झाड सामाईक राहिले, असे प्रकार घाटावर आणि कोकणात नवे नाहीत. आजही सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात झाडांवरचे हक्क लिहिलेले सापडतात. तृणाचे तसे नाही. मावळात गवत ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. त्यावर गुरे जगत आणि घरे शाकारली जात. पण गवत मोजले जाते ते कुरणाच्या हिशेबात, एकेका काडीची नोंद कोण ठेवणार? आणि नुसते फुलण्यासाठी जमिनीवर पसरणारे रोप या ओळीत कुठेच बसत नाही. ते तरू नाही, आणि गुरे खाणार नसतील तर कामाचे तृणही नाही.

मावळाच्या गावांची नावे पाहिली तरी कल तोच दिसतो. कान्ह्याजवळचे जांभूळ, ठोकळवाडीच्या बाजूचे जांभवली, मग आंबी, करंजगाव, पिंपळोली, नवलाख उंबरे. गवताची आठवण देणारे कुसगाव एखादेच. फुलाच्या नावाचे गाव मला या यादीत घालता आले नाही.

फुलाला आणि वेलीला सरकारी लिखाणात मानाने जागा दिलेली मला आढळली ती रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यातला आरमारासंबंधीचा भाग बहुतेकांना ऐकून माहीत असतो : रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत. पण आमच्या वादाला उपयोगी पडतो तो दुर्गांचा भाग, आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची अशा किल्ल्यांच्या सावलीत राहणाऱ्या मावळकरांनी तो वाचायला हवा. गडावर काय लावावे ते अमात्य सांगतात. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ ही मोठी झाडे. निंबे, नारिंगे ही लहान. आणि त्यांच्याच सोबत पुष्पवृक्ष आणि वेली. उपयोगाचे असो की नसो, जे उगवेल ते लावावे आणि जपावे. कारण प्रसंगी निदान लाकूड म्हणून तरी ते कामाला येईल.

इथे मी बराच वेळ अडलो. लाकडाचे कारण झाडांना लागू पडते. वेलीचे लाकूड कुठून येणार? अमात्यांसारखा चोख कारभारी उगाच शब्द घालणारा नव्हे. माझा तर्क असा की वेली आणि फुले त्यांना गडावर हवीच होती. देवपूजेला फूल लागते, आणि उघड्या कातळावरची मूठभर माती धरून ठेवायला काहीतरी पसरलेले लागते. कारण मात्र त्यांनी झाडाचे दिले, कारण दफ्तराला समजणारी भाषा लाकडाचीच होती. हा तर्क पटला नाही तरी यादी आहे तशीच राहते : फळझाड की फुलवेल, असा प्रश्न अमात्यांनी मुळी विचारलेलाच नाही.

तो प्रश्न आला बंगल्यांबरोबर. त्याची सुरुवात लोणावळ्यात झाली नाही, खाली दापोडीला झाली. मुंबई सरकारने १८२८ मध्ये तिथे वनस्पतिबाग सुरू केली. पुढे अलेक्झांडर गिब्सन तिचे प्रमुख झाले. १८४७ ते १८५० या काळात एका एतद्देशीय चित्रकाराकडून तिथल्या झाडाफुलांची पावणेदोनशेच्या आसपास चित्रे काढून घेण्यात आली. ती आज एडिंबरोला आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ केला. त्या चित्रांत इथल्या रानातली रोपे आहेत तशीच समुद्रापलीकडून आलेलीही आहेत. दापोडीनंतर १८७३ मध्ये गणेशखिंडीची बाग उभी राहिली. तिचे प्रमुख मार्शल वुड्रो यांचे बागकामावरचे पुस्तक बंगलेवाल्यांच्या हातात गेले. बाग ही पाहण्याची वस्तू आहे, ही समजूत पुणे-मुंबई रस्त्यावर रुजली ती या काळात.

आणि रस्ता तयारच होता. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, आगगाडी १८६३ मध्ये घाट चढली. (पर्यटनाच्या पुस्तिका १८७१ मध्ये लॉर्ड एल्फिन्स्टनने लोणावळा 'शोधला' असे बिनदिक्कत छापतात. एल्फिन्स्टन नावाचे दोन गव्हर्नर झाले. एक १८५९ मध्ये वारला, दुसरा १८६०मध्ये. शोध लावायला कोण आले होते, हे छापणाऱ्यांनाच ठाऊक.) आगगाडीनंतर लोणावळ्यात शेठ-साहेबांचे बंगले वाढले. आवारात जुना आंबा, जांभूळ असायचेच, पण घरासमोरचा दर्शनी भाग फुलांचा झाला.

बाहेरून आणलेल्या फुलझाडाचे पुढे काय होते, हे मावळाला घाणेरीने दाखवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत आलेले हे शोभेचे झुडूप. कुंपणाला बरे म्हणून लोकांनी लावले. आज गडांच्या वाटांवर करवंदीची जागा ते बळकावून बसले आहे. वेडेलिया हीसुद्धा अमेरिका खंडातली. जर्मन वनस्पतिज्ञ वेडेल यांच्यावरून तिचे नाव पडले. शास्त्रज्ञांनी आता ते बदलले, पण रोपवाटिकेत जुनेच चालते. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेऱ्याला ती मुळे फोडते, म्हणून तीन महिन्यांत उतार झाकते. त्याच गुणामुळे ती कुंपण ओलांडते, ओढ्यात उतरते, आणि तुटलेल्या तुकड्यापासून पुन्हा उगवते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जीवांची एक प्रसिद्ध यादी आहे. घाणेरी आणि वेडेलिया दोघीही तिच्यात आहेत. तिचा एक जवळचा भाऊबंद आपल्याकडे पूर्वापार आहे, पिवळा माका. तो औषधात जातो, पण त्याला रोपवाटिकेत कुणी विचारत नाही.

तरी वेडेलियाची बाजूही मांडायला हवी. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथे उघडी माती एक रात्रही टिकत नाही. जांभळाचे रोप लावले तर पहिली काही वर्षे ते त्या मातीसाठी काहीच करू शकत नाही. रोपालाच आधाराची काठी लागते. बियांपासूनच्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षे जातात, कलमाला त्याहून कमी. मग मात्र मुळे मुरमात शिरतात आणि अख्खा उतार बांधून धरतात. वेलीची मुळे वरच्या वीतभर थरातच राहतात. तो थर भिजून जड झाला, की हिरव्या गालिच्यासकट घसरू शकतो.

बंगले भाड्याने देणाऱ्यांची तक्रार वेगळी असते : जांभळाने फरशी जांभळी होते, गाड्यांवर डाग पडतात, पाने पोहण्याच्या तलावात पडतात. मे-जूनमध्ये त्याच बंगल्यांच्या फाटकाबाहेर ठाकर-कातकरी बायका द्रोणात जांभळे-करवंदे घेऊन बसतात, आणि आतले पाहुणे बाहेर येऊन ती विकत घेतात.

आता भावाचा मुद्दा. तो खरा आहे, हे मला मान्य करावे लागले. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा-फणसाबरोबर जांभूळही आहे. शहरी भागासाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. वाढलेले जांभूळ परवानगीशिवाय पाडता येत नाही. वेडेलिया मात्र एका दुपारी फावड्याने काढता येते, कुणाला विचारावे लागत नाही. वेल मालकाची असते. झाड मालकाचे असूनही थोडे सरकारचे, थोडे शेजाऱ्याचे, थोडे पुढच्या वारसाचे होते. भावाला जागा मोकळी हवी आहे, मला ती बांधलेली हवी आहे. सनदेतली ती शब्दमाळ लिहिणाऱ्याने तरू आणि तृण वेगवेगळे का लिहिले, ते मला या भांडणात कळले.

गेल्या ज्येष्ठात उताराच्या मधोमध एक जांभूळ लावले. भोवती दगडाची ताल घातली, आणि मातीसाठी पिवळा माका शोधून आणला. तो वेडेलियासारखा भराभर पसरत नाही. आषाढात दोनदा माती पुन्हा वर ओढावी लागली. दिवाळीला भाऊ आला तेव्हा रोप कमरेएवढे झाले होते. त्याने काठीची सुटलेली दोरी पुन्हा बांधली, आणि जागेचा विषय काढला नाही.