दुधाचे दात आणि अणुबाँब

अणुतंत्रज्ञानाचा इतिहास सांगताना शिकागोची पहिली अणुभट्टी, हिरोशिमा आणि त्यानंतरची अणुवीज अशी वाट धरण्याची पद्धत आहे. शाळकरी मुलांच्या पडलेल्या दातांचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. परंतु समाजाने या तंत्रज्ञानाला प्रश्न कसा विचारला हे पाहायचे असेल, तर ही हकिकत विद्यार्थ्यांना सांगायला हवी, असे आम्हाला वाटते.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी येथे हायड्रोजन बाँबची चाचणी केली. स्फोटाची शक्ती अपेक्षेच्या सुमारे अडीचपट भरली. किरणोत्सारी राख दूरवरच्या एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. तिच्यावरील २३ जण आजारी पडले, त्यांपैकी आयकिची कुबोयामा सप्टेंबरात मरण पावले. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या स्थगित ठेवण्याचे आवाहन केले होते.

चाचण्या मात्र चालूच राहिल्या. सामान्य माणसाला त्यांपासून धोका नगण्य आहे, असे अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग सांगत असे. पण बाँब बनवणारी आणि सुरक्षिततेचा निर्वाळा देणारी संस्था एकच होती. मग खातरजमा कोणी करायची?

इथे थोडे रसायनशास्त्र पाहू. अणुस्फोटात स्ट्रॉन्शियम-९० हा समस्थानिक तयार होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षे आहे. तो वातावरणात उंच जातो, पावसाबरोबर खाली येतो, गवतात शिरतो आणि गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात जातो. आवर्तसारणीत स्ट्रॉन्शियमची जागा कॅल्शियमच्या लगेच खाली आहे. त्यामुळे शरीर त्याला कॅल्शियमसारखेच वागवते आणि हाडांत व दातांत साठवते.

हाडे तपासायची तर ती मृत व्यक्तींचीच मिळणार. दुधाचे दात मात्र आपोआप पडतात. शिवाय त्यांची घडण मूल पोटात असताना व जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात होते. म्हणजे सातव्या वर्षी पडलेला दात सहा-सात वर्षांपूर्वीच्या आहाराची नोंद घेऊन येतो. हे ओळखून जीवरसायनशास्त्रज्ञ हर्मन काल्कर यांनी १९५८ साली दुधाच्या दातांची जागतिक गणना करावी, असे सुचवले.

अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील नागरिकांनी ही कल्पना उचलून धरली. बॅरी कॉमनर आदी वैज्ञानिक व नागरिकांनी १९५८ मध्ये एक समिती स्थापली होती. तिच्या वतीने डॉ. लुईझ राइस यांनी दात गोळा करण्याचे काम हाती घेतले. शाळा, ग्रंथालये, दातांचे दवाखाने यांतून छापील अर्ज वाटले गेले. मुलाची जन्मतारीख, गरोदरपणात आईचा मुक्काम कोठे होता, बाळ अंगावर पीत होते की बाटलीने, अशी माहिती पालक भरून देत. दात देणाऱ्या मुलाला बिल्ला मिळे. एका दातातील किरणोत्सार अत्यल्प असल्याने एकाच काळात जन्मलेल्या मुलांचे दात एकत्र करून मोजावे लागत. १९७० पर्यंत सुमारे ३,२०,००० दात जमले.

पहिले निष्कर्ष नोव्हेंबर १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या दशकात स्ट्रॉन्शियम-९० चे प्रमाण वाढत गेले होते. पुढे १९६३ साली जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते १९५० च्या तुलनेत सुमारे ५० पट आढळले.

५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, सोव्हिएत संघ व ब्रिटन यांनी वातावरणातील, अंतराळातील व पाण्याखालील चाचण्या बंद करणारा करार केला. भारतानेही त्याच वर्षी सही केली. फ्रान्स व चीन बाहेर राहिले, आणि भूमिगत चाचण्यांना मोकळीक होती. तरीही नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांतील प्रमाण घटत गेले.

हा करार केवळ दातांमुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १९६२ च्या क्यूबा प्रसंगाची धास्ती त्यामागे होती. तसेच, या पाहणीने मुलांना रोग झाल्याचे सिद्ध केले नाही. स्ट्रॉन्शियम शरीरात पोचले, एवढेच दाखवले. पण तेवढ्यानेही वादाचे स्वरूप बदलले. ‘भिऊ नका’ आणि ‘भ्या’ यांच्या मध्ये एक मोजलेला आकडा उभा राहिला, आणि तो मिळवण्यात आयांचा व मुलांचा हात होता.

किती धोका आहे हे मोजणे विज्ञानाचे काम आहे; किती धोका पत्करायचा हे ठरवणे साऱ्या समाजाचे. अणुभट्टी असो वा रासायनिक कारखाना, मोजणी कोण करतो आणि आकडे कोणाला दिसतात, हा प्रश्न विचारायला आपले विद्यार्थी शिकले, तर आवर्तसारणीचा तो तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.