मोरसचा सागरी रस्ता

आपल्या आजी-पणजीच्या काळीं वाण्याच्या यादींत पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणत असत. रोजच्या वापराला गूळ आणि पाहुण्यांच्या चहाला मोरस, असा पुष्कळ घरांतला शिरस्ता होता. हें मोरस म्हणजे मॉरिशस बेट, हें मात्र त्या काळीं फारच थोड्यांना ठाऊक असेल. ज्या बेटाचें नांव आपण इतकीं वर्षें चहांत विरघळवून प्यालों, त्याच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्यावरून जाणाऱ्या एका रस्त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. सायकलवरून देश पाहणाऱ्या हौशी मंडळींत हा रस्ता आज प्रसिद्ध आहे. सायकलस्वार त्याची वाखाणणी करतात ती त्याच्या देखणेपणासाठीं. मला त्याचें आकर्षण वाटतें तें निराळ्या कारणासाठीं. ह्या रस्त्यावरून कोणीं चालावें आणि कोणीं चालूं नये, ह्या एकाच प्रश्नाभोंवतीं त्या बेटाचा दीडशें वर्षांचा इतिहास फिरलेला आहे.

बेट मुळांत लहान. दक्षिणोत्तर सुमारें ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारें ४५. जोमदार सायकलस्वाराला दोन-तीन दिवसांत सारा किनारा पालथा घालतां येतो. ह्याच बेटाच्या किंबर्ली ल कूर हिनें २०२५ सालीं बेल्जममधील लिएझ-बास्तोन्य-लिएझ ही महिलांची मानाची शर्यत जिंकली, आणि त्याच वर्षीं महिलांच्या तूर द फ्रांसमध्यें आघाडीचा पिवळा सदराहि अंगावर चढविला. एवढ्याशा बेटाला हें भूषणावह खरें.

आपण दक्षिणेकडील सूइयाक ह्या गांवापासून निघूं. उलट बाजूनें निघालें तर काय बिघडलें, असें कोणी विचारील. बिघडतें तें वाऱ्यामुळें. येथें बाराहि महिने आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि मे ते ऑक्टोबर ह्या तिकडच्या हिवाळ्यांत ते विशेष जोर धरतात. सूइयाकहून पश्चिमेकडे निघणाऱ्याच्या पाठीवर हा वारा हात ठेवतो. उलट येणाऱ्याच्या तोच छातीवर बसतो. सूइयाकजवळ ग्री-ग्री नांवाची जागा आहे. बेटाभोंवतीं बहुतेक ठिकाणीं पोंवळ्यांचा बांध असल्यामुळें किनाऱ्याचें पाणी तळ्यासारखें निवांत असतें. येथें त्या बांधाला खिंडार पडलें आहे आणि हिंदी महासागर थेट काळ्या कड्यांवर येऊन आदळतो. पुढें बेल ओंब्रपर्यंत एका अंगाला ऊस व एका अंगाला समुद्र अशी वाट आहे.

समुद्र रस्त्याच्या इतका लगत राहिला, ह्यालाहि इतिहास आहे. फ्रेंच अमदानींत किनाऱ्यालगतची एक पट्टी सरकारनें संरक्षणासाठीं राखून ठेवली होती. शत्रूचीं जहाजें आलीं तर तोफा मांडण्यास व सैन्य हलविण्यास जागा मोकळी हवी, हा हेतु. भरतीच्या रेषेपासून ८१ मीटरांची ही पट्टी 'पा जेओमेत्रिक' ह्या नांवानें आजहि कायद्यांत आहे आणि ती सरकारी मालकीची आहे. पुढें शत्रूची भीति गेली, परंतु पट्टी राहिली, आणि तिचे तुकडे बंगल्यांना व मोठमोठ्या हॉटेलांना पट्ट्यानें देण्यांत आले. म्हणून सायकलवरून जातांना मैलभर निळें पाणी दिसतें, आणि मग एकाएकीं उंच भिंत व पहारेकरी लागतो. तोफांसाठीं राखलेली जागा आरामखुर्च्यांच्या कामीं यावी, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

बेल ओंब्र सोडल्यावर बे द्यु काप हें कोळ्यांचें गांव लागतें. येथें मॅथ्यू फ्लिंडर्स ह्या इंग्रज दर्यावर्द्याचें स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाला गलबतानें प्रदक्षिणा घालून तिचा नकाशा सिद्ध करणारा हा पुरुष १८०३ च्या डिसेंबरांत गळक्या जहाजांतून ह्या किनाऱ्याला लागला. इंग्रज-फ्रेंचांचें युद्ध पुन्हां पेटलें आहे हें त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतें. फ्रेंच गव्हर्नर दकां ह्यानें त्याला हेर समजून अडकवून ठेवलें तें १८१० पर्यंत. पुढें पुढें त्याला गांवाबाहेर राहण्याची मोकळीक मिळाली, परंतु ती वचनावर आणि ठराविक मर्यादेच्या आंत. ज्यानें एक खंड मोजलें त्यानें आपल्या घरापासून दोन कोसांपलीकडे जावयाचें नाहीं! तरी फ्लिंडर्सची कैद हें सद्गृहस्थाचें दुःख होतें. त्याच वाटांवर त्याच काळांत ज्यांच्या दुःखाची कोणीं रोजनिशी लिहिली नाहीं असे हजारों लोक होते.

गांवापुढें माकोंद्याचें वळण येतें. रस्ता खडकाच्या सुळक्याला चिकटून एकदम वळतो आणि पाणी खालींच असतें. मोझांबिककडील माकोंदे जमातीवरून हें नांव पडलें असें सांगतात. आफ्रिकेंतून व मादागास्करांतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर फ्रेंचांनीं हें बेट उभें केलें, तेव्हां तसें असल्यास नवल नाहीं. पळून जाणाऱ्या गुलामासाठीं १७२३ सालीं कायदा लागू झाला. महिनाभर बेपत्ता राहिल्यास कान कापून खांद्यावर डाग द्यावा. दुसऱ्यांदा पळाल्यास पायाची शीर तोडावी. तिसऱ्यांदा देहान्त शासन. मधल्या शिक्षेकडे लक्ष द्या. चोराचा हात तोडतात, तसा येथें पाय तोडावयाचा. कारण गुन्हा चालण्याचा.

तरीहि ते पळत, आणि ज्या डोंगराच्या आश्रयाला जात तो ल मोर्न आतां आपल्या डाव्या अंगाला उभा राहतो. समुद्रांत घुसलेल्या भूशिरावर ५५६ मीटर उंचीचा हा एकाकी कातळ. आपल्याकडच्या हरिश्चंद्रगडाच्या कड्याची आठवण व्हावी अशा त्याच्या सरळ बाजू आहेत. त्याच्या गुहांतून व माथ्यावर पळालेल्या गुलामांनीं वस्ती केली. १८३५ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला बेटावरील गुलामगिरी संपली. ती बातमी सांगण्यासाठीं पोलिसांची तुकडी डोंगराकडे निघाली, वरच्या लोकांना वाटलें कीं आपल्याला धरावयास आले, आणि त्यांनीं कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तेथील क्रिओल कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दप्तरांतून तिला पुरावा मिळत नाहीं म्हणून कांहीं विद्वान् तिला नाकें मुरडतात. मला तें पटत नाहीं. पोलीस दिसला म्हणजे तो सुटकेची बातमी आणीत असेल, असें मानण्याचें त्या माणसांना कोणतें कारण होतें? २००८ सालीं ल मोर्नची जागतिक वारशांत नोंद झाली ती ह्याच स्मृतीमुळें.

सायकलचीं चाकें ज्या रस्त्यावरून आतां सुखानें धांवतात, त्याच्या बांधणीविषयीं येथें चार शब्द सांगितले पाहिजेत. १८१० सालीं बेट इंग्रजांकडे गेलें तेव्हां तेथें धड रस्ते नव्हते. १८१५ पासून इंग्रजांनीं ह्या कामावर हिंदुस्थानांतील जन्मठेपेचे कैदी आणले, प्रथम बंगालमधून आणि पुढें मुंबई इलाख्यांतूनहि. सुमारें दीड हजार माणसें होतीं. 'काळ्या पाण्याची शिक्षा' म्हटली कीं आपल्याला अंदमान आठवतें. त्याच्या कितीतरी आधीं आपलीं माणसें मॉरिशसमध्यें खडी फोडीत होतीं. १८३६ च्या उन्हाळ्यांत चार्ल्स डार्विन येथें उतरला होता. ह्या कैद्यांचे भारदस्त चेहरे पाहून तो चकित झाला, आणि बेटाच्या भरभराटीचें श्रेय त्यानें खडीच्या रस्त्यांना दिलें. ह्या दोन गोष्टी त्याच्या प्रवासवर्णनांत जवळजवळच येतात.

ल मोर्नला वळसा घातला कीं वारा पडतो आणि ऊन लागूं लागतें. ला गोलेत, काझ नोयाल हीं गांवें भराभर मागें पडतात. काझ नोयालहून उजवीकडे शामारेलचा चढ फुटतो. पायांत बळ असेल त्यानें जावें, आपण किनारा सोडीत नाहीं. पुढें ला प्रनझ येथें एक वाटोळा दगडी बुरूज आहे. इंग्रजांनीं असे बुरूज १८३० नंतरच्या चार-पांच वर्षांत ह्या किनाऱ्यावर बांधले, आणि त्यांना धास्ती होती ती गुलामांची नव्हे. गुलाम मुक्त होणार म्हणून खवळलेले ऊसमळ्यांचे फ्रेंच मालक बंड करतील आणि बाहेरून फ्रान्सची मदत आणतील, अशी शंका होती. मालकांना शेवटीं नुकसानभरपाई मिळाली आणि ते शांत झाले. बुरुजाला काम पडलें नाहीं.

मालकांना पैसे मिळाले, आतां हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'ॲटलास' जहाजांतून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले. पांच वर्षांचा करार, महिना पांच रुपये व शिधा. पुढील सुमारें नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसें अशीं आलीं. १८४२ मध्यें कलकत्ता व मद्रास ह्यांबरोबर मुंबई बंदरहि ह्या भरतीला खुलें झालें, आणि कोंकणांतली व देशावरची माणसें मोरसला निघालीं.

करार संपला म्हणजे माणूस मोकळा झाला, असें आपल्याला वाटेल. कागदावर तो मोकळा होताहि. परंतु १८६७ सालीं एक कायदा झाला. त्याच वर्षीं हिवतापाच्या सांथीनें बेटांत हजारों माणसें किड्यामुंगीसारखीं मरत होतीं. सरकारला मात्र ह्या कायद्याची निकड वाटली. करार पुरा केलेल्या प्रत्येक जुन्या मजुरानें पोलिसांचा परवाना बाळगावा, त्यावर त्याचें छायाचित्र असावें, आणि परवाना ज्या जिल्ह्याचा त्या जिल्ह्यांतच त्यानें राहावें. रस्त्यावर शिपायानें हटकलें आणि कागद जवळ नसला, तर तो माणूस 'भटक्या' ठरे व तुरुंगांत जाई. नाहीं तर पुन्हां एखाद्या मळ्यावर अंगठा उठवावा. कायद्याचा खरा हेतु तोच होता. बहिणीला भेटावयास दुसऱ्या जिल्ह्यांत निघालेला भाऊ ह्याच वाटेवर धरला जात असे.

ह्या जुलमाविरुद्ध आवाज उठविला तो अडॉल्फ द प्लेव्हित्स ह्या एका गोऱ्या मळेवाल्यानें. मजुरांच्या घरोघर फिरून त्यानें १८७१ मध्यें त्यांचा अर्ज तयार केला. त्यावर ९४०१ जणांच्या सह्या व निशाण्या होत्या. मळेवाल्यांनीं त्याला बहिष्कृत केलें, पोर्ट लुईच्या भर रस्त्यांत त्याला मारहाणहि झाली. पण १८७२ सालीं विलायतेहून फ्रियर आणि विल्यमसन ह्या दोघांचें चौकशीमंडळ आलें, त्यांच्या १८७५ च्या अहवालानें अर्जांतील तक्रारी बहुतांशीं खऱ्या ठरविल्या, आणि १८७८ सालीं नवा मजूर-कायदा झाला. सुधारणा हळूहळूच झाली. परंतु जाच सोसणाऱ्यांनीं आपल्या नांवानिशीं तक्रार लिहून दिली होती, ही गोष्ट मला त्या कायद्याहून मोठी वाटते.

तामारिनच्या खाडीवर जुनीं मिठागरें आहेत. तेथून आंत वळलें म्हणजे उसाच्या रानांत कास्कावेल लागतें. ह्या भागांत मराठी कुळांची वस्ती जुनी. गांवांत विठोबाचें देऊळ आहे. घरांत बोली क्रिओल चालते, मराठी मुलें शाळेंत शिकतात, आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. आपल्या कोंकणांतील जाखडी तेथें 'झाकरी' ह्या नांवानें नाचतात, आणि मूर्ति नदीवर किंवा समुद्रावर वाजतगाजत ह्याच रस्त्यांनीं नेतात. त्या दिवशीं सायकलस्वारानें खालीं उतरून वाट द्यावी लागते.

परवान्यांवरच्या त्या छायाचित्रांचें पुढें काय झालें, तें सांगून थांबतों. मजुरांच्या आगमनाचीं दप्तरें आणि तीं चित्रें मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेवलेलीं आहेत. आपल्या कुळाचा मूळ पुरुष कोण, कोणत्या जहाजानें आला, गांव कोणतें, हें शोधण्यासाठीं लोक तेथें येतात. क्रमांक जुळला तर चित्र सांपडतें: मुंडासें बांधलेला, कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारा एक माणूस. पोलिसांनीं रस्त्यावर ओळखावें म्हणून काढलेलें तें चित्र. पुष्कळ घरांत पणजोबांचें दुसरें चित्र नाहीं. तेव्हां त्याचीच प्रत करून घेतात, चौकट करतात आणि देवघराजवळ लावतात.