उकुलेले

हवाई बेटांतील चार तारांचे एक लहान तंतुवाद्य. ते गिटारच्या आकाराचे असून त्याच्या मूळ प्रकाराची लांबी सु. ५३ सेंमी. असते. हवाई भाषेतील ‘उकु’ (पिसू) व ‘लेले’ (उडी मारणे) या शब्दांवरून हे नाव पडले, असे सामान्यतः मानतात. राणी लिलिउओकलानी हिने मात्र ‘येथे आलेली देणगी’ असा त्याचा अर्थ लावला आणि वाद्याच्या इतिहासाशी तो अधिक जुळतो.

२३ ऑगस्ट १८७९ रोजी पोर्तुगालच्या मादेइरा बेटावरील मजुरांना घेऊन एक जहाज होनोलूलूस आले. उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्या या मजुरांत मान्वेल नूनिश, जोझे दो इश्पीरितु सांतु व आउगुश्तु दियश हे तीन सुतार होते. पुढे होनोलूलूत त्यांनी फर्निचर व वाद्ये बनविण्यास प्रारंभ केला. मादेइरातील माशेत या वाद्याचा आकार आणि रजांव या वाद्याची स्वररचना यांच्या संयोगातून उकुलेले सिद्ध झाले. त्याच्या तारा अनुक्रमे प, सा, ग, ध या स्वरसंबंधांत लावतात. पैकी पंचमाची तार खर्जातील नसून षड्जाहून उंच असते. राजा कालाकाऊआ (कार. १८७४–९१) याच्या आश्रयामुळे हूला नृत्याच्या साथीत त्यास स्थान मिळाले.

जुनी वाद्ये बाभळीशी नाते सांगणाऱ्या, केवळ हवाईतच वाढणाऱ्या कोआ वृक्षाच्या लाकडाची आहेत. तबलीची फळी अत्यंत पातळ रंधलेली, बाजूंच्या पट्ट्या उष्णतेने वाकविलेल्या, पडदे थेट मानेच्या लाकडात बसविलेले, खुंट्या लाकडी व तारा तातीच्या असत. फळी जाड ठेवल्यास वाद्य टिकते, पण नाद कोंडतो; फार पातळ केल्यास तारांच्या ताणाने ती खचते. या दोहोंमधील मर्यादा हाताने ओळखणे, हेच कारागिराचे कौशल्य होय. अमेरिकेतील मार्टिन या गिटारनिर्मात्या संस्थेने १९०७ च्या सुमारास केलेली पहिली उकुलेले गिटारप्रमाणे भक्कम बांधणीची असल्यामुळेच अयशस्वी ठरली.

सॅन फ्रॅन्सिस्को येथील १९१५ च्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत उकुलेलेची मागणी वाढली आणि तेथील कारखान्यांनी त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. हवाईच्या कारागिरांपुढे स्वस्त अनुकरणांची स्पर्धा उभी राहिली. अशा काळात, १९१६ मध्ये, सॅम्युएल कामाका याने होनोलूलूत आपला व्यवसाय सुरू केला. त्याच्या कुटुंबाने तो पुढे टिकवून धरला. परक्या मजुरांनी आणलेली कला स्थानिक लाकडात व संगीतात कशी रुजली, याची साक्ष ही जुनी वाद्ये देतात.