हायकलरचं कूळ

लिनक्सवर आयकॉनची थीम बदलणं आता दोन क्लिकचं काम आहे. स्वतःची थीम करायलाही प्रोग्रामिंग यावं लागत नाही, चित्र काढता आलं की पुरे. ही सोय चित्रकारांनी नव्हे, भाऊबंदकी मिटवणाऱ्यांनी करून दिली.

१९९६ साली केडीई सुरू झालं, १९९७ साली ग्नोम. दोघांनीही लिनक्ससाठीच डेस्कटॉप उभे केले, पण चुली वेगळ्या मांडल्या. फाइल साठवण्याच्या बटणावरच्या चित्राचं नाव केडीईत 'फाइलसेव्ह' आणि ग्नोमकडे 'जीटीके-सेव्ह' किंवा 'स्टॉक_सेव्ह'. त्यामुळे एकासाठी काढलेला संच दुसऱ्याकडे चालेना. २००२ साली रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या ८.० आवृत्तीत 'ब्लूकर्व्ह' नावाने दोघांना एकच रूप चढवलं, तर केडीईची मंडळी भडकली.

समेट घडला फ्रीडेस्कटॉपच्या व्यासपीठावर. हॅवॉक पेनिंग्टन यांनी ते २००० साली सुरू केलं होतं. तिथे ठरलेला नियम साधा आहे. चित्र आधी निवडलेल्या थीममध्ये शोधायचं, नाही सापडलं तर ती थीम जिचा वारसा सांगते तिच्यात, आणि तिथेही नसेल तर 'हायकलर'मध्ये. हे नाव केडीईच्या घरचं. ८-बिटी पडद्यांना जेमतेम २५६ रंग झेपत, त्यांच्यासाठी 'लोकलर' चित्रं असत आणि बऱ्या पडद्यांसाठी 'हायकलर'. ते पडदे भंगारात गेले, 'लोकलर'ही गेलं. 'हायकलर' मात्र आजही प्रत्येक थीमचा मूळपुरुष आहे.

नावांचा घोळ २००५ च्या टँगो प्रकल्पाने सोडवला. 'डॉक्युमेंट-सेव्ह', 'एडिट-कॉपी', 'यूजर-ट्रॅश' अशी सामाईक नावं ठरली, आणि जुन्या नावांवरून नव्या चित्रांकडे नेणारे दुवे तयार करणारं साधनही त्यांनी दिलं. टँगोने २७ रंगांची पेटीही आखून दिली. तिचं कौतुक खूप झालं; माझ्या मते खरी कमाई नावांची.

चित्रकाराची कसोटी लागते ती १६ पिक्सेलांत. एसव्हीजी या व्हेक्टर प्रकारातलं चित्र कितीही लहान-मोठं करता येतं हे खरं, पण लहान करताना एखादी रेघ दोन पिक्सेलांच्या मधोमध पडली की दोन्ही पिक्सेल फिके होतात आणि कडा धुरकट दिसते. म्हणून टँगोवाले १६, २२ आणि ३२ पिक्सेलांची चित्रं वेगवेगळी काढत. आजच्या कितीतरी थीम इथेच आळस करतात.

करून बघायचं असेल तर होम फोल्डरातल्या '.लोकल/शेअर/आयकॉन्स'मध्ये नवा फोल्डर करा. त्यातल्या 'इंडेक्स.थीम' फाइलीत चित्रांचे फोल्डर आणि आकार नोंदवा, 'इनहेरिट्स'पुढे आवडत्या थीमचं नाव लिहा आणि सुरुवातीला फक्त 'फोल्डर' हे एकच चित्र बदला. बाकीची चित्रं वारशाने येतील.