भत्त्यातून भेटीत गेलेली सायकल

जिल्हा पुरवणीत अधूनमधून एक फोटो येतो. मागे फ्लेक्स, पुढे रांगेत उभ्या नव्याकोऱ्या सायकली, सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. प्रत्येक हँडलवर दोन हात, एक आशाताईचा, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीचा, आणि एक पाहुण्याचा. देणाऱ्या कंपनीचं नाव फ्लेक्सवर ठळक, घेणाऱ्या बायकांची नावं बातमीत बहुधा नसतातच. असाच फोटो झांबियातही निघतो आणि मलावीतही. नागापूरसारख्या गावाला तो मुळीच परका वाटणार नाही. सीनाकाठचं हे गाव आधी एमआयडीसीनं वेढलं, मग नगरच्या महापालिकेत सामावलं. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्याला द्यायचे असतात, आणि आरोग्य हा त्या यादीतला सोयीचा विषय आहे. सायकल तर त्याहून सोयीची. ती मोजता येते, रांगेत उभी करता येते आणि फोटोत छान दिसते.

पण ही सायकल आरोग्य खात्यात पहिल्यांदा आली ती भेट म्हणून आलेली नव्हती. मागे जाऊन पाहिलं तर तिचा मान वेगळाच होता.

सायकलीच्या आधी औषध फिरायचं ते माणसाच्या अंगावरून. हिंदुस्थानात देवीची पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावर उठलेल्या फोडातून लस काढून ती दुसऱ्याला, त्याच्याकडून तिसऱ्याला टोचायची, अशा साखळीनं लस पुण्याकडे आणि पुढे दक्षिणेत गेली. नंतर सरकारी देवी डॉक्टर गावोगाव पायी नाहीतर तट्टावरून हिंडू लागले. तट्टू म्हणजे खाणं, पाणी, नाल आणि मोतद्दार. हा खर्च वाचवणारं वाहन १८८८ मध्ये मराठी मुलखात विकायला आलं. त्या वर्षी मुंबईत शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकली घेऊन बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे, पाठवू लागले आणि बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलीचं दुकान सुरू झालं. डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं तेही त्याच वर्षी. तेव्हा सायकल ही साहेबाची आणि वकिलाची चैन होती. विलायतेत मात्र दहा-पंधरा वर्षांत ती परिचारिकेच्या हाती गेली. घरोघर जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सला गावातली समिती वर्गणी काढून सायकल घेऊन द्यायची. दानाच्या फोटोचं मूळ शोधायचं तर ते तिथे सापडेल. आपल्याकडचं मूळ निराळं आहे. ते हिवतापात आहे.

राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ चा. त्याआधी देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज होता. १९५८ मध्ये 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' आलं आणि डीडीटीच्या फवारणीपाठोपाठ एक नवा माणूस गावात दिसू लागला. साधारण दहा हजार वस्तीमागे एक असा हा कर्मचारी दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जाई. कुणाला ताप आहे का, येऊन गेला का, पाहुणा आलाय का, एवढंच विचारी. ताप असेल तर बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेई, क्लोरोक्विनच्या गोळ्या देई आणि भिंतीवर छापलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करी. जुन्या वाड्यांच्या चौकटीजवळ ती खूण पुढे कित्येक वर्षं टिकली. गावानं त्याचं नाव ठेवलं मलेरियावाला. आता हिशेब मांडून बघा. दहा हजार माणसं म्हणजे दोन हजारांच्या आसपास घरं, तीही पाच-सात गावांत विखुरलेली, आणि पंधरा दिवसांत पहिल्या घरी परत यायचं. हे पायी जमणारं नव्हतं. वेळापत्रकच मुळी चाकावर बसवलेलं होतं. म्हणून सायकल त्या नोकरीच्या हिशेबात धरलेली असायची, कुठे खात्याची, कुठे स्वतःची आणि वर भत्ता. कारकुनी भाषेत तो 'सायकल भत्ता', पुढे 'कायम प्रवास भत्ता'. रक्कम किरकोळ असायची, पण तिच्यामागे एक कबुली होती की रस्ता हा कामाचाच भाग आहे आणि त्याचे पैसे काम देणाऱ्यानं द्यायचे.

परिणाम दिसले. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखभरावर आले आणि हिवतापानं मृत्यू नोंदलाच गेला नाही. मग ढिलाई आली, डास डीडीटीला सरावले, आणि १९७६ मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला. हा आकडा वाचताना मला फवारणीच्या पंपाइतकीच त्या चुकलेल्या पंधरवड्यांचीही आठवण होते.

कुष्ठरोगाच्या कामात हेच चाक वेगळ्या कारणानं फिरलं. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं. डॉ. वारदेकरांनी तिथे पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी तिपदरी पद्धत बसवली. रोगी दवाखान्यात येत नाही, लपतो. म्हणून दवाखान्यानं त्याच्या दारात जायचं, हे तिचं सूत्र. डॅप्सोनच्या गोळ्या आणि नोंदवही घेऊन हिंडणारा निमवैद्यकीय कार्यकर्ता विदर्भात सायकलीशिवाय क्वचितच दिसे. युनिसेफनं आशियाभर जीपगाड्यांच्या बरोबरीनं सायकलीही वाटल्या त्या याच काळात. पण त्या सायकली सरकारी कार्यक्रमाच्या सामानात यायच्या. व्यासपीठावर कुणाच्या हाती त्या दिल्या जात नसत.

एक गोष्ट इथे राहून जाते. ही सगळी पुरुषांची सायकल होती, मधल्या दांड्याची. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर गावपातळीवर एक पुरुष आणि एक स्त्री असे बहुउद्देशीय कर्मचारी आले. पांढऱ्या साडीतली नर्सबाई उपकेंद्रात राहू लागली. बाळंतपण रात्री होतं, वस्ती लांब असते, आणि एकट्या तरुण बाईनं अंधारात सायकल मारत जावं हे गावाला रुचत नव्हतं, तिच्या घरालाही नाही. लेडीज सायकलीनं दांड्याचा प्रश्न सोडवला, अंधाराचा नाही. बाईच्या नावावर आलेली सायकल नवऱ्याकडे किंवा भावाकडे जायला फार वेळ लागत नाही, हे वाटप करणारे आजही विसरतात.

या पेचाचं सर्वांत हुशार उत्तर नगर जिल्ह्यातच निघालं, आणि त्यात सायकल नाही. राहुरीचे डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. त्यांनीही आधी शिकलेल्या नर्स गावांत ठेवून पाहिल्या. त्या परक्या गावात रमेनात आणि गावही त्यांना आपलं म्हणेना. मग गावातलीच बाई निवडायची ठरली, बहुतेक वेळा निरक्षर, कित्येकदा दलित, कधी विधवा किंवा टाकलेली. ती दर आठवड्याला जामखेडला यायची, शिकायची आणि परत जाऊन तेच गावाला सांगायची. डॉक्टर-नर्सचा चमू ठरल्या दिवशी जीपनं गावात यायचा. म्हणजे लांबचा पल्ला जीपनं कापायचा आणि रोजचं अंतर इतकं कमी करायचं की ते अनवाणी चालता यावं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले, त्यामागचा विचारही हाच. वाहन द्यायचं की अंतरच मोडायचं, हा प्रश्न जामखेडनं असा सोडवला.

त्याच जिल्ह्यात, त्याच सुमाराला, दुसरं उत्तर कारखान्यात तयार होत होतं. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं नगरला लूना बनवायला घेतली. पन्नास सीसीचं इंजिन आणि खाली चक्क पायडल! सायकलीची ही धाकटी बहीण साडी नेसून चालवता येत होती. शिक्षिका, ग्रामसेवक, विमा एजंट यांच्याबरोबर नर्सबाईही तिच्यावर बसल्या. नव्वदीच्या दशकात प्रजनन आणि बालआरोग्य कार्यक्रम आला, तेव्हा एएनएमना, म्हणजे या नर्सबाईंना, मोपेड घेण्यासाठी कर्ज देण्याची तरतूद झाली. इथे मला पहिला सांधेबदल दिसतो. रस्त्याचा खर्च खात्याच्या वहीतून सरकून बाईच्या हप्त्यांत गेला. तरी तिला पगार होता, हप्ता कापायला काहीतरी होतं.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार वस्तीमागे एक आशा नेमायची ठरली. कल्पना जामखेडच्या घरातली: गावची बाई, गावातच राहणारी. पण नोंद 'स्वयंसेविका' अशी झाली. पगार नाही, कामागणिक मोबदला. आणि पगार नाही म्हटल्यावर भत्ता कुठून? शिवाय नगर जिल्ह्यातलं गाव आता गावठाणात राहिलेलं नाही. पाट आले, विहिरी आल्या, माणसं मळ्यांत आणि वस्त्यांवर राहायला गेली. हजार वस्ती कागदावर एक गाव असते, पायाखाली ती चार-पाच किलोमीटर पसरते. नागापूर-बोल्हेगावच्या बाजूला उलटी गत आहे. तिथे खोल्या दाटीनं आहेत, पण भाडेकरू बदलत राहतात, नवराबायको दोघं पाळीवर असतात, आणि एका गरोदर बाईला गाठायला तीन वेळा जावं लागतं. जामखेडनं मोडलेलं अंतर असं दोन बाजूंनी परत उभं राहिलं.

मग सायकल परत आली, आता भेट होऊन. ओडिशा आणि आसामनं आशांना सायकली दिल्या. परदेशात याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे वर्ल्ड बायसिकल रिलीफ. २००४ च्या त्सुनामीनंतर सायकलीचे सुटे भाग बनवणाऱ्या श्रॅम कंपनीतले एफ. के. डे आणि त्यांच्या पत्नी लीया यांनी श्रीलंकेत सायकली वाटल्या. मग झांबियात एचआयव्हीबाधितांच्या घरी जाणाऱ्या स्वयंसेवकांना तेवीस हजारांच्या आसपास सायकली दिल्या. त्यांचं मला पटलेलं शहाणपण वाटपात नाही. बाजारातल्या हलक्या सायकली तिथल्या रस्त्यांवर महिन्या-दोन महिन्यांत मोडतात हे पाहून त्यांनी शंभर किलो ओझं पेलणारी, जाड नळ्यांची 'बफेलो' बनवली, गावोगावचे मेकॅनिक शिकवले आणि सुटे भाग विकत मिळतील अशी दुकानं उभी केली. आपल्याकडे ही साखळी आयती होती. फाट्यावरच्या सायकल मार्टमध्ये छऱ्यापासून चेनकव्हरपर्यंत सगळं मिळायचं, पंप फुकट. आता त्याच टपरीत मोटारसायकलचं पंक्चर निघतं आणि सायकलची ट्यूब 'मागवावी लागेल'. ॲटलस सायकल कंपनीनं साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनीच, बंद केला. भेटीतल्या सायकलीच्या सीटवरचं प्लॅस्टिक जून संपता संपता फाटतं आणि दिवाळीपर्यंत मागचं चाक बसतं. त्या दिवशी देणारी कंपनी फोन उचलत नाही.

लूना मात्र परत आली आहे, विजेवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीननं ती बाजारात आणली, पायडलशिवाय. त्याच दिवसांत राज्यभरातल्या आशा मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या, आणि मार्चमध्ये त्यांच्या मोबदल्यात महिना पाच हजारांची वाढ झाली. मागण्यांच्या कागदावर सायकल नव्हती. मानधन होतं, दर्जा होता.

सायकल भत्ता तसा पूर्ण मेलेला नाही. सातव्या वेतन आयोगानं तो रद्द करा म्हटलं होतं, पण केंद्र सरकारनं पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी तो ठेवला आणि महिना ९० चा १८० रुपये केला. आशासाठी असा रकाना नाही. नवजात बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी, बाळंतपण घरी झालं असेल तर सात, आणि सगळ्या पूर्ण झाल्या की मिळून २५० रुपये, असं २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत ठरलं. बाळ शेजारच्या खोलीत असो की तीन किलोमीटरवरच्या मळ्यात, रक्कम तीच.