चोर तुम्हीच पकडा: उत्तर उलटं छापणाऱ्या कॉमिक्सची गोष्ट

आज ऐकताना एकदा तरी पॉज दाबावा लागणार आहे, तेव्हा फोन हाताशीच ठेवा.

आधी केस. अमेरिकेतलं आयडाव्हिल नावाचं काल्पनिक गाव. तिथला दांडगट पोरगा बग्स मीनी एका मुलाला जुनी तलवार दाखवतो आणि बदल्यात त्याची सायकल मागतो. म्हणे ही तलवार अमेरिकन यादवी युद्धातल्या स्टोनवॉल जॅक्सन या सेनापतीची. तिच्यावर कोरलंय की २१ जुलै १८६१ ला बुल रनच्या पहिल्या लढाईत जॅक्सन भिंतीसारखा उभा राहिला, म्हणून त्याच्या सैनिकांनी ऑगस्ट १८६१ मध्ये ही भेट दिली. तलवार नकली आहे. कशावरून?

दाबा पॉज.

झालं? घोळ आहे ‘पहिल्या’ या शब्दात. बुल रनची दुसरी लढाई झाली ऑगस्ट १८६२ मध्ये. त्याच्या वर्षभर आधी ‘पहिली’ कोण म्हणेल? उद्या कोणी १७६१ सालची म्हणून एक ढाल विकायला आणली आणि तिच्यावर ‘पानिपतची तिसरी लढाई’ असं कोरलेलं असलं, तर तुम्ही पैसे द्याल का? तसंच हे.

पण याच केसमध्ये आणखी एक खूण आहे. जॅक्सन दक्षिणेकडचा, आणि दक्षिणेचे लोक त्या लढाईला बुल रन म्हणतच नसत, मनॅसस म्हणत. आता हे सोलापूरच्या किंवा साताऱ्याच्या मुलाला कुठून कळणार? पहिली खूण डोकं लावून सापडते, दुसरी फक्त आधीच माहीत असेल तर. मला वाटतं, वाचकाने स्वतः सोडवायच्या रहस्यकथांचा सगळा इतिहास या फरकाभोवती फिरतो.

ही केस डोनाल्ड सोबोल यांची. १९५९ पासून ते वर्तमानपत्रांसाठी ‘टू-मिनिट मिस्टरीज’ लिहायचे, अगदी छोट्या रहस्यकथा. १९६३ मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘एन्सायक्लोपीडिया ब्राउन’ आणला. हा पोलीसप्रमुखाचा मुलगा गॅरेजमध्ये डिटेक्टिव्ह एजन्सी चालवतो, फी दिवसाला २५ सेंट, खर्च वेगळा. गोष्ट ऐन मोक्याला थांबते, प्रश्न विचारते आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटी. पण नावावरून लक्षात आलं असेल, हिरोची ताकद म्हणजे पाठ असलेली माहिती. पुस्तकं जबरदस्त चालली. तरी मला कायम वाटतं, की यातल्या बऱ्याच केसेस वाचकाची परीक्षा घेतात, त्याला तपास करू देत नाहीत.

१९७८ मध्ये हाच ब्राउन वर्तमानपत्रात कॉमिक स्ट्रिप म्हणून आला. लेखक एलियट कॅप्लिन, चित्रं फ्रँक बोल यांची. १९८० मध्ये ती बंदही पडली. पण चित्र आलं की खेळच बदलतो. लेखक पुरावा शब्दांत सांगायला गेला की तो शब्द वाचकाला टोचतो. टेबलावर तीन कप होते असं लिहिलं, की आपण लगेच म्हणतो, हं, कपांत काहीतरी आहे! चित्रात मात्र कप नुसते असतात. बाकीच्या पसाऱ्यातून तेच महत्त्वाचे, हे तुम्ही ठरवायचं.

हे फार आधी ओळखलेला माणूस म्हणजे लॉरेन्स ट्रीट. शिकलेला वकील, पुढे रहस्यकथाकार. १९३० मध्येच त्याने चित्रकोड्यांचं पुस्तक काढलं होतं. मग तब्बल ५१ वर्षांनी, १९८१ मध्ये, ‘क्राइम अँड पझलमेंट’: २४ केसेस, लेस्ली काबार्गाची चित्रं. १९८३ मध्ये मुलांसाठी ‘यू आर द डिटेक्टिव्ह!’. माझ्या मते ट्रीटची खरी करामत चित्राखालच्या प्रश्नांत आहे. प्रश्न अगदी साधे. इथे झटापट झाली असं वाटतं का? हा माणूस डावखुरा होता का? अशा धर्तीचे. एकेक उत्तर देत गेलात की तुम्ही गुन्हेगारापर्यंत पोचता, आणि तिथे पोचायला अमेरिकेचा इतिहास फारसा लागत नाही. वर्गात शिक्षकांनी ही पुस्तकं वापरली यात नवल नाही. गणितात पायऱ्या लिहायला लावतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त शेवटी मार्कांऐवजी चोर मिळतो.

१९८७ मध्ये बॉब वेबर ज्युनियर यांचा ‘स्लायलॉक फॉक्स’ आला. शेरलॉकसारखा कोल्हा, सोबत मॅक्स नावाचा उंदीर, समोर काउंट विअर्डली, कॅसँड्रा कॅट अशी ठरलेली बिलंदर मंडळी. एकच चौकट, दोन-चार ओळी आणि उत्तर खाली उलटं छापलेलं. कधीकधी तोही प्राण्यांविषयीचं सामान्यज्ञान विचारतो, तेव्हा मी जरा वैतागते. मजा येते ती पुरावा चौकटीत असतो तेव्हा. हे माझं स्वतःचं घ्या: एकजण सांगतोय, रात्रभर पावसातून गाडी चालवत आत्ताच पोचलो. चित्रात अंगण ओलं, गाडीखालची फरशी कोरडी. हे सोडवायला कुठलीच शाळा लागत नाही. अडचण एवढीच, की मी ‘कोरडी’ म्हटलं तिथेच तुम्हाला उत्तर मिळालं. ऑडिओत हे असंच होणार.

उलट्या उत्तरांचं मात्र फोनवर हसू होतं. वाचायला फोन फिरवला की कधीकधी स्क्रीनही फिरते, उत्तर पुन्हा उलटं ते उलटंच! १९८३ मध्ये आलेल्या हॉकआय कॉलिन्स आणि एमी अ‍ॅडम्सच्या पुस्तकांत वेगळी शक्कल होती. हॉकआय घटनास्थळाचं स्केच काढतो, खूण त्या स्केचमध्ये दडलेली, आणि उत्तर छापलेलं आरशातल्या अक्षरांत. ते वाचायला मुलांना उठून घरातला आरसा गाठावा लागायचा, आणि ही युक्ती फोनवर आजही चालते.