उष्णता पंप : शीत प्रदेशांतील गृहतापन

कमी तापमानाच्या परिसरातील उष्णता यांत्रिक कार्याच्या साहाय्याने शोषून घेऊन ती अधिक तापमानाच्या जागी पोहोचविणाऱ्या यंत्रणेस ‘उष्णता पंप’ म्हणतात. शीतकपाटाची व उष्णता पंपाची रचना मूलतः एकच असते. शीतकपाटात आतील उष्णता बाहेर टाकणे हा हेतू असतो, तर उष्णता पंपात बाहेरील उष्णता आत आणणे हा असतो. गोठणबिंदूखालील हवेतही पुष्कळ उष्णता असते, कारण निरपेक्ष शून्य तापमान (सु. −२७३° से.) तिच्या बरेच खाली असते. तरीही अशा हवेवर किंवा जमिनीवर घर उबदार ठेवण्याची कल्पना सर्वत्र रुजण्यास शतकाहून अधिक काळ लागला. इंधनाच्या किंमती, घरांची रचना आणि यंत्रांची विश्वासार्हता ही त्या विलंबाची प्रमुख कारणे होत.

तत्त्व : कमी तापमानास उकळणारा द्रव (प्रशीतक) बाहेरील नळ्यांत उष्णता शोषून वायुरूप होतो. संपीडकात दाबला गेल्यावर त्याचे तापमान वाढते व घरातील नळ्यांत तो उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होतो. मिळणारी उष्णता व खर्ची पडणारी वीज यांच्या गुणोत्तरास कार्यगुणांक म्हणतात. बाहेर −१०° से. तापमान असताना ३५° से. तापमानाचे पाणी देणाऱ्या आदर्श पंपाचा कार्यगुणांक ६·८ येतो. पाणी ६०° से.चे हवे असल्यास तो ४·८ इतका उतरतो. प्रत्यक्ष यंत्रांत तो याच्या सु. निम्मा असतो. म्हणून बाहेरील थंडीइतकेच घरातील पाण्याचे तापमानही महत्त्वाचे ठरते.

इतिहास : सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये उष्णता एंजिनाची मीमांसा केली. हेच चक्र उलट चालवून इमारती तापविल्यास प्रत्यक्ष ज्वलनापेक्षा कमी इंधन लागेल, असे विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये दाखविले. ऑस्ट्रियात पेटर फोन रिटिंगर यांनी १८५६-५७ मध्ये एबन्झे येथील मिठागरात बाष्पसंपीडनाचे संयंत्र उभारले. परंतु ते मिठाचे पाणी आटविण्यासाठी होते. टी. जी. एन. हॉल्डेन यांनी स्कॉटलंडमधील आपल्या घरी असा पंप वापरून १९३० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र कोळसा स्वस्त असल्याने त्यांचे अनुकरण फारसे झाले नाही.

स्वित्झर्लंडची स्थिती निराळी होती. तेथे जलविद्युत् मुबलक, पण कोळसा आयात करावा लागे. झुरिकच्या जुन्या नगरभवनात लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप १९३८ मध्ये बसविण्यात आला; तो २००१ मध्ये बदलण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात कोळसा दुर्मिळ झाल्यावर त्या शहरात आणखी पंप बसविण्यात आले. युद्धानंतर स्वस्त खनिज तेलामुळे ही प्रगती मंदावली.

खनिज तेलाच्या १९७३ मधील संकटानंतर स्वीडनने या यंत्रणेस उत्तेजन दिले. तेथील कठीण खडक भूपृष्ठालगत असल्याने विंधन-छिद्रांतून वर्षभर जवळजवळ स्थिर तापमानाची उष्णता मिळविणे सोयीचे ठरले. परंतु घाईने बाजारात आलेल्या अनेक यंत्रांत व त्यांच्या जोडणीत दोष होते. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास तेलाच्या किंमती कोसळल्या, सरकारी साहाय्य आटले आणि ग्राहकांचा विश्वासही उडाला. पुढील दशकाच्या पूर्वार्धात शासकीय संस्थेने कार्यक्षमतेत सु. ३०% वाढ व किंमतीत सु. ३०% घट अशा अटींवर स्पर्धा घेतली. १९९१ पासूनचा कार्बन-कर, प्रमाणित चाचण्या व कारागिरांचे प्रशिक्षण यांमुळे हा धंदा सावरला. स्वित्झर्लंडमध्येही १९९३ पासून स्वतंत्र चाचणी केंद्राने असेच काम केले.

नॉर्वेत २००२-०३ च्या हिवाळ्यात जलाशयांतील साठा घटून वीज महागली, तेव्हा बाहेरील हवेवर चालणाऱ्या पंपांची मागणी एकाएकी वाढली. आज त्या देशातील सु. ६०% घरांत, तर स्वीडन व फिनलंडमध्ये ४०% हून अधिक घरांत उष्णता पंप आहेत. यूरोपातील अतिशीत देशांतच या यंत्राचा सर्वाधिक प्रसार झाला, ही लक्षणीय बाब आहे.

अडचणी व उपाय : बाहेरील नळ्यांवर हिम साचल्यास उष्णता शोषली जात नाही. शुष्क कडाक्याच्या थंडीपेक्षा ०° से.च्या आसपासच्या दमट हवेत हा त्रास अधिक होतो. त्यासाठी चक्र अधूनमधून उलट चालवून हिम वितळवितात. गतिनियंत्रित संपीडकांमुळे काही आधुनिक यंत्रे −२५° से. पर्यंत चालतात, तीव्र थंडीत विजेच्या पूरक तापकाचीही जोड देतात. प्रशीतकांचा प्रश्न वेगळा आहे. आरंभीचे अमोनिया व सल्फर डाय-ऑक्साइड विषारी होते. त्यांच्या जागी आलेली क्लोरोफ्ल्युओरोकार्बने ओझोन थराला घातक ठरल्याने माँट्रिऑल करारान्वये (१९८७) त्यांचे उच्चाटन सुरू झाले. नंतरची हायड्रोफ्ल्युओरोकार्बने तापमानवाढीस हातभार लावतात, म्हणून त्यांचा वापर घटविण्याची तरतूद किगाली दुरुस्तीने (२०१६) केली. हल्ली प्रोपेनचा वापर वाढत आहे. तो ज्वालाग्राही असल्याने संपूर्ण चक्र शक्यतो घराबाहेर ठेवतात.

उष्णतानिरोधन नसलेल्या, अतितप्त पाण्यावर चालणाऱ्या जुन्या घरांत या पंपाचा लाभ घटतो व विजेचे बिल फुगते. अशा घरांत आधी भिंती व छत यांतून होणारा उष्णताऱ्हास रोखणे किंवा मोठ्या पृष्ठाचे तापक बसविणे इष्ट ठरते. वीज दगडी कोळशापासून तयार होत असल्यास इंधनाची एकूण बचतही मर्यादित राहते. त्यामुळे या यंत्रणेचे यश घर, जोडणी व विजेचा उगम या तिन्हींवर अवलंबून असते.